मृदू पाण्यावर उभे राहिलेले बीअरचे शहर

अमेरिकेच्या उत्तर कॅरोलिना राज्यात, ब्लू रिज डोंगररांगांच्या कुशीत, ॲशव्हिल नावाचे शहर आहे. २०२० च्या जनगणनेनुसार तेथील लोकवस्ती सुमारे ९४ हजार, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मध्यम नगरपालिकेएवढी. दारूबंदीच्या काळापासून १९९४ पर्यंत या शहरात बीअर तयार करणारा एकही कायदेशीर कारखाना नव्हता. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत मात्र तेथे आणि आसपासच्या गावांत अशा लहान कारखान्यांची संख्या काही डझनांवर गेली. तिकडे त्यांना ‘क्राफ्ट ब्रुअरी’ म्हणतात. लहान प्रमाणावर, मालकाच्या देखरेखीखाली, चवीत वेगळेपण राखून बीअर तयार करणारा कारखाना, असा त्याचा ढोबळ अर्थ घेता येईल. कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा आणि कोलोरॅडोतील न्यू बेल्जियम या दोन नावाजलेल्या कंपन्यांनीही देशाच्या पूर्व भागातील आपला कारखाना काढण्यासाठी हाच परिसर निवडला.

त्यानंतर २७ सप्टेंबर २०२४ रोजी हेलीन या चक्रीवादळाने या डोंगरांना झोडपले आणि पुढचे ५३ दिवस शहराच्या नळांना पिण्याजोगे पाणी आले नाही.

ही भरभराट आणि ते ५३ दिवस, दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे आणि ती म्हणजे तेथील पाण्याचा स्वभाव. या लेखात आपण तो समजून घेणार आहोत. शिक्षकांच्या मासिकात बीअरचा विषय पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील, याची आम्हांला कल्पना आहे. मद्यपानाचे कौतुक करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु विकरे, किण्वन, सामू, दुष्फेन पाणी, कलिल असे पाठ्यपुस्तकात वेगवेगळ्या प्रकरणांत विखुरलेले विषय एका छपराखाली पाहायला मिळावेत, असे व्यवसाय फार थोडे आहेत.

आधी कायदा आणि इमारती

पाण्याकडे वळण्यापूर्वी इतर कारणे सांगून टाकली पाहिजेत, नाहीतर आम्ही पाण्याला अवाजवी श्रेय दिल्यासारखे होईल.

उत्तर कॅरोलिनाने १९०८ साली सार्वमत घेऊन राज्यभर दारूबंदी केली. देशव्यापी बंदी १९२० ते १९३३ अशी तेरा वर्षे होती. ती उठल्यावर जे थोडे मोठे कारखाने टिकले ते एकमेकांना गिळत गेले आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस साऱ्या अमेरिकेत शंभरापेक्षाही कमी ब्रुअरी उरल्या. १९७८ साली घरगुती वापरापुरती बीअर बनवण्यास केंद्रीय कायद्याने परवानगी दिली. त्यामुळे हौशी प्रयोग करणाऱ्यांची एक पिढी तयार झाली आणि पुढच्या लहान कारखान्यांचे बरेच चालक त्या पिढीतून आले. उत्तर कॅरोलिनात आणखी एक अडचण होती. तेथे बीअरमधील मद्यार्क सहा टक्क्यांहून अधिक असता कामा नये, असा नियम होता. २००५ साली ही मर्यादा पंधरा टक्क्यांवर नेण्यात आली आणि अनेक जुन्या युरोपीय प्रकारांची वाट मोकळी झाली.

इमारतींची गोष्ट अधिक गमतीची आहे. १९३० साली बँका बुडाल्या तेव्हा ॲशव्हिल कर्जात रुतले आणि ते कर्ज फेडायला त्याला १९७६ साल उजाडावे लागले. हाती पैसा नसल्यामुळे जुने शहर पाडून नवे बांधणे जमले नाही. परिणामी शहराच्या मध्यभागी रिकाम्या, स्वस्त भाड्याच्या जुन्या इमारती शिल्लक राहिल्या. मोटारी दुरुस्त करण्याच्या जुन्या कार्यशाळा आणि गोदामे यांची जमीन काँक्रीटची, दारे रुंद, छत उंच. लहान ब्रुअरीला याहून सोयीची जागा कोणती? ऑस्कर वाँग या निवृत्त अभियंत्यांनी १९९४ मध्ये ‘हायलँड’ ही शहरातील पहिली ब्रुअरी सुरू केली तीही अशाच एका इमारतीच्या तळघरात.

कायदा सुधारला, जागा स्वस्त मिळाली, पर्यटक येऊ लागले. पण या तिन्ही गोष्टी अमेरिकेतील इतर अनेक गावांनाही लाभल्या होत्या. लहान कारखानदार एखाद्या गावात उतरतो तेव्हा तो आणखी एक गोष्ट पाहतो. तो तेथल्या नळाचे पाणी तपासतो.

नळाच्या पाण्यात काय नाही?

बीअरमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. शिवाय भांडी धुणे, थंड करणे, वाफ तयार करणे यांसाठी लागते ते वेगळे. एक लिटर बीअरमागे साधारण चार ते सात लिटर पाणी खर्ची पडते. प्रमाणाचा हा मुद्दा महत्त्वाचा खरा, पण आपल्याला येथे पाण्याच्या गुणाशी कर्तव्य आहे.

कृती थोडक्यात पाहू. नाचणीचे सत्त्व आपल्या घरांत करतात. धान्य भिजवायचे, मोड आणायचे, वाळवायचे, दळायचे. बीअरसाठी हेच सातूच्या बाबतीत करतात आणि त्याला ‘माल्ट’ म्हणतात. मोड येताना दाण्यात अमायलेज ही विकरे तयार होतात. भरडलेला माल्ट गरम पाण्यात मिसळून ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास तासभर ठेवला की ही विकरे पिष्टाचे तुकडे पाडून साखर तयार करतात. यातील एक विकर ६२ ते ६५ अंशांना जोमाने काम करते, दुसरे ७० च्या पुढे. तापमान दोन-चार अंश इकडे-तिकडे झाले की साखरेचा प्रकार बदलतो आणि बीअर पातळ किंवा भारदस्त होते. मिश्रण गाळून मिळालेला गोड काढा हॉप या वेलीच्या फुलांबरोबर उकळतात. त्याने कडवटपणा येतो आणि काही जिवाणूंनाही आळा बसतो. काढा थंड करून त्यात यीस्ट सोडले की किण्वन सुरू होते.

आता या पहिल्या टप्प्यातच पाणी आपला हात दाखवते. विकरांना माल्टच्या मिश्रणाचा सामू ५.२ ते ५.६ च्या दरम्यान असावा लागतो. माल्टमध्ये फॉस्फेट असते. पाण्यातील कॅल्शियम या फॉस्फेटशी संयोग पावून खाली बसते आणि त्या क्रियेत हायड्रोजन आयन मोकळे होतात, म्हणजेच सामू खाली येतो. पाण्यात बायकार्बोनेट असेल तर ते हे हायड्रोजन आयन पकडते आणि सामू वरच राहतो. मग विकरे मंदावतात, सातूच्या फोलातील तुरट द्रव्ये काढ्यात उतरतात आणि फिकट बीअर बेचव, तोंड आवळणारी होते. गडद भाजलेला माल्ट स्वतःच आम्लधर्मी असल्यामुळे अशा पाण्यातही खपून जातो.

जुन्या काळी हे रसायन कोणाला ठाऊक नव्हते. लोक आपापल्या विहिरीच्या पाण्यात जी बीअर चांगली होईल ती करत आणि तीच त्या गावाची खासियत ठरे. इंग्लंडमधील बर्टन गावाच्या विहिरींचे पाणी जिप्समच्या थरांतून झिरपून येते. त्यात लिटरमागे अडीचशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम आणि सहाशेच्या घरात सल्फेट असते. अशा पाण्यात फिकट, खणखणीत कडू बीअर छान होते. एकोणिसाव्या शतकात बर्टनची ही बीअर जहाजांनी मुंबई-कलकत्त्याच्या गोऱ्या साहेबांसाठी येत असे. उलट बोहेमियातील प्लझेन गावचे पाणी इतके मृदू की त्यात कॅल्शियम लिटरमागे दहा मिलिग्रॅमच्या आसपासच. १८४२ साली तेथे जी सोनेरी बीअर तयार झाली तिचे अनुकरण पुढे जगभर झाले.

ॲशव्हिलचे पाणी प्लझेनच्या जातीचे आहे. शहरापासून काही अंतरावर, डोंगरात, नॉर्थ फोर्क आणि बी ट्री असे दोन जलाशय आहेत. त्यांच्या वरचे वीस हजार एकरांहून अधिक वनाच्छादित पाणलोट क्षेत्र राखीव आहे. तेथे शेती नाही, वस्ती नाही. या डोंगरांचा खडक प्रामुख्याने नाइस आणि शिस्ट या रूपांतरित प्रकारांचा आहे. चुनखडीसारखा तो पाण्यात सहज विरघळत नाही. त्यावरून वाहत आलेल्या पावसाच्या पाण्यात क्षार फारच थोडे उतरतात. आपल्याकडेही सह्याद्रीतील धरणाच्या पाण्यात साबणाचा फेस भराभर होतो आणि त्याच गावातल्या बोअरच्या पाण्यात होत नाही, हा अनुभव सर्वांना आहे. एक पाणी खडकावरून घसरत आलेले असते, दुसरे खडकात मुरून बसलेले असते.

मृदू पाणी कारखानदाराला का आवडते? कारण पाण्यात क्षार घालणे अत्यंत सोपे आणि ते काढणे महाग असते. मोजून जिप्सम घातले की प्लझेनचे बर्टन होते. याला ‘बर्टनीकरण’ असा शब्दच रूढ आहे. एकच कारखाना सोमवारी इंग्लंडचे पाणी करू शकतो आणि गुरुवारी बोहेमियाचे. पाणी मुळात जड असेल तर मात्र ते दाबाखाली सूक्ष्म पटलातून गाळावे लागते. त्याला वीज लागते आणि बरेचसे पाणी वायाही जाते. मोठ्या कारखान्याला हे परवडते. तळघरात चार टाक्या मांडून बसलेल्याला परवडत नाही. क्राफ्ट ब्रुअरीचे सारे भांडवल म्हणजे तिची विविधता. त्या विविधतेसाठी ॲशव्हिलचा नळ जवळजवळ कोरी पाटी होता. नगरपालिकेने घातलेले क्लोरीन तेवढे सक्रियित कोळशातून गाळून काढायचे, की झाले काम.

एकदा कारखाने जमले की पुढचे आपोआप येत गेले. २०१० च्या सुमारास शहरातच स्थानिक धान्याचे माल्ट करणारा उद्योग निघाला. यीस्टचे वाण जोपासून विकणाऱ्या कॅलिफोर्नियातील एका कंपनीने २०१७ साली येथे शाखा काढली. स्थानिक महाविद्यालयात किण्वनाचा पदविका अभ्यासक्रम आहे. हॉप मात्र बाहेरूनच आणावे लागते. त्या वेलीला भरपूर फुलण्यासाठी उन्हाळ्यात पंधरा तासांहून मोठा दिवस लागतो. ॲशव्हिल सुमारे साडेपस्तीस अक्षांशावर असल्यामुळे तेथील सर्वांत मोठा दिवसही साडेचौदा तासांचाच.

हेलीन

सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस तीन दिवसांत ॲशव्हिल परिसरात सुमारे ३५० मिलिमीटर पाऊस पडला. डोंगरमाथ्यावर काही ठिकाणी याच्या दुप्पट. महाबळेश्वरच्या शिक्षकांना हा आकडा वाचून हसू येईल. तेथे एवढा पाऊस जुलैत एका दिवसातही पडलेला आहे. पण महाबळेश्वरच्या उतारांना, ओढ्यांना आणि घरांना त्याची हजारो वर्षांची सवय आहे. ब्लू रिजच्या उतारांना नव्हती. दरडी कोसळल्या, फ्रेंच ब्रॉड नदीने १९१६ सालचा आपला विक्रम मोडला आणि एकट्या उत्तर कॅरोलिनात शंभराहून अधिक माणसे मेली. नदीकाठच्या काही लहान ब्रुअरी उद्ध्वस्त झाल्या आणि न्यू बेल्जियमच्या आवारातही पाणी शिरले. जलाशयाकडून शहराकडे येणाऱ्या मोठ्या जलवाहिन्या तुटल्या. त्यात २००४ च्या पुरांपासून धडा घेऊन पंचवीस फूट खोल पुरलेली पर्यायी वाहिनीही होती.

जलवाहिन्या ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जोडल्या गेल्या. नळांना पाणी आले, पण ते मातकट होते. क्लोरीन भरपूर घातलेले ते पाणी केवळ संडासात ओतण्यापुरते होते. पिण्याचे पाणी मिळायला १८ नोव्हेंबर उजाडला. मधला महिना कशात गेला?

तो मातीचे कण खाली बसण्याची वाट पाहण्यात आणि त्यांना बसवण्याच्या खटपटीत गेला. स्थिर पाण्यात कण किती वेगाने खाली जातो हे त्याच्या व्यासाच्या वर्गावर अवलंबून असते. हा स्टोक्सचा नियम. एक दशांश मिलिमीटर व्यासाचा वाळूचा कण एक मीटर अंतर दोनेक मिनिटांत उतरतो. चिकणमातीचा एक मायक्रॉनचा कण, म्हणजे व्यास शंभरपट कमी, त्याच एका मीटरला सुमारे तेरा दिवस घेतो. अर्ध्या मायक्रॉनच्या कणाला पन्नासहून अधिक दिवस लागतात. त्यातून या कणांवर ऋण विद्युतभार असतो. ते एकमेकांना दूर लोटतात, त्यामुळे एकत्र येऊन जड होत नाहीत. पावसाने डोंगराची जी कातडी सोलून जलाशयात आणून टाकली तिच्यात असे कण अमाप होते.

मग जलशुद्धीकरण केंद्राने ते गाळून का काढले नाहीत? येथे आपल्या गोष्टीतील पहिला पेच आहे. आपल्याकडील बहुतेक केंद्रांत पाणी आधी मोठ्या हौदांत निवळू देतात आणि मग वाळूच्या थरातून गाळतात. ॲशव्हिलच्या केंद्रांत निवळण्याचे हौदच नव्हते. राखीव जंगलातून येणारे पाणी मुळातच इतके स्वच्छ असे की थेट गाळणे पुरत होते. त्या यंत्रणेला गढूळपणाच्या मापावर जेमतेम दोनपर्यंतचे पाणी पेलत होते. हेलीननंतरचे पाणी याच्या कितीतरी पट गढूळ होते. ते सोडले असते तर गाळणीचे थर काही वेळातच तुंबले असते.

तेव्हा जलाशय हाच निवळण्याचा हौद मानायचे ठरले. पाण्याची हालचाल थोपवण्यासाठी त्यात पडदे सोडले आणि होड्यांतून तुरटीच्या जातीचे ॲल्युमिनियम सल्फेट फवारले. पावसाळ्यात आपल्या आज्या हंड्यात तुरटी फिरवत, तीच ही युक्ती. ॲल्युमिनियमच्या धन आयनांमुळे मातीच्या कणांचा ऋण भार नाहीसा होतो, आणि ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे बुळबुळीत पुंजके तयार होऊन ते कणांना गोळा करत तळाशी नेतात.

परंतु हे हायड्रॉक्साइड तयार होण्यासाठी पाण्यात बायकार्बोनेट हवे. तुरटी पाण्यात विरघळली की आम्ल मोकळे होते. ते शोषून घेणारे काही नसेल तर सामू घसरतो आणि पुंजके धरतच नाहीत. गोदावरीच्या किंवा भीमेच्या पाण्यात या गोष्टीची फिकीर करावी लागत नाही. तेथे बायकार्बोनेट पुरेसे असते. ॲशव्हिलच्या पाण्यात ते जवळजवळ नव्हते. ज्या बायकार्बोनेटच्या अभावाने कारखानदार खूश होते त्याच अभावामुळे तुरटी लंगडी पडत होती. म्हणून तुरटीबरोबर जलाशयात कॉस्टिक सोडाही सोडावा लागला. दोन्हींचे प्रमाण आणि फवाऱ्याची वेळ जुळवत जलाशयाच्या वरच्या थरांतील पाणी हळूहळू गाळण्याजोगे झाले.

मृदू पाण्याचा आणखी एक स्वभाव याच काळात उघड झाला. त्यात आधीच विरघळलेले क्षार थोडे असल्यामुळे ते नळांच्या आतील बाजूवर संरक्षक थर धरू देत नाही, उलट धातू विरघळवू पाहते. म्हणून अशा शहरांत पाण्यात गंजरोधक रसायन मिसळतात. हेलीननंतरच्या धांदलीत ॲशव्हिलमध्ये हे मिसळणे काही दिवस बंद राहिले, आणि नोव्हेंबरमध्ये काही शाळांच्या जुन्या नळांतील पाण्यात शिसे आढळले. त्या पाण्याची पिण्यासाठी शिफारस नव्हतीच. तरीही शाळेतील जोडण्या किती जुन्या आहेत हा प्रश्न तेथील पालकांना प्रथमच पडला असावा.

ब्रुअरींची या काळात काय अवस्था झाली असेल, याची कल्पना वाचकांना येईलच. उकळल्याने जिवाणू मरतात, माती जात नाही आणि जास्तीचे क्लोरीन माल्टमधील फिनॉलगटातील द्रव्यांशी संयोग पावून औषधाच्या बाटलीसारखी चव देते. इमारत शाबूत, यंत्रे शाबूत, पण टाक्या कोरड्या, असे अनेकांचे झाले. त्यातच देशभर या व्यवसायाला ओहोटी लागली होती. अमेरिकेतील ब्रुअरींची संख्या नऊ हजारांच्या वर गेल्यानंतर २००५ पासून प्रथमच, २०२४ साली, नव्या उघडलेल्यांपेक्षा बंद पडलेल्या अधिक भरल्या. तेव्हा ॲशव्हिलमध्ये यापुढे जे कारखाने मिटतील त्या सर्वांचे खापर हेलीनवर फोडता येणार नाही.

यातील निम्मे रसायन वर्गात एका तासात दाखवता येते. काचेचे तीन उंच पेले घ्यावेत. एकात बोअरचे पाणी, उरलेल्या दोन्हींत पावसाचे किंवा शुद्ध केलेले ऊर्ध्वपातित पाणी घालावे. तिन्हींत बारीक चाळलेली चिकणमाती सारखीच ढवळावी आणि तुरटीचे सारखेच द्रावण घालावे. तिसऱ्या पेल्यात चिमूटभर खाण्याचा सोडाही टाकावा. सामूदर्शक कागद हाताशी असेल तर दर पाच मिनिटांनी तिन्ही पेल्यांचा सामू फळ्यावर लिहावा. पुंजके कोणत्या पेल्यात आधी धरतात, कोणत्यात उशिरा, आणि तुरटीचे प्रमाण दुप्पट केले तर दुसऱ्या पेल्यातील पाणी निवळते की अधिकच बिघडते, हे विद्यार्थ्यांना आधी अंदाजाने सांगू द्यावे आणि मगच ढवळायला सुरुवात करावी.